शेजाऱ्यांना प्रभू येशूची ओळख करून देताना : लहान मंडळीसाठी काही सूचना

जय ख्रिस्त.

सुवार्ता सांगायची म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन गोष्टी निघतात: पत्रिका छापायच्या आणि बाहेरून वक्ता बोलवायचा. पत्रिका एका दुपारी बाजारात वाटून होतात, वक्ता तीन दिवस बोलून जातो आणि मंडळी, म्हणजे आपलं गावचं चर्च, होती तशीच राहते. आपल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात मात्र आपण ख्रिस्ती आहोत एवढंच माहीत असतं. आपण नेमकं कशावर विश्वास ठेवतो, हे त्यांना कधी कुणी नीट सांगितलेलं नसतं.

मी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीची सभासद. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, आता भजनी मंडळात पेटी वाजवते आणि शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधली मुलांची शाळा, बघते. आमच्या पाळकसाहेबांकडे आणखीही गावं आहेत, त्यामुळे ते दर रविवारी येऊ शकत नाहीत. अशा मंडळ्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. पैसा थोडा, माणसं थोडी, पण शेजार मोठा, असं जिथे असेल तिथे काय करता येतं ते सांगते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. बायबलात पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या १५व्या वचनात, आपल्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार राहा आणि ते सौम्यतेने द्या, असं सांगितलं आहे. म्हणजे समोरच्याने विचारायला हवं. आपलं काम दुहेरी आहे: कुणाला विचारावंसं वाटेल इतकं जवळ राहायचं, आणि विचारलं की गडबडायचं नाही. पुढचं सगळं या दोन कामांसाठी आहे.

स्वतःची साक्ष कागदावर लिहा

मंडळीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाने आपली साक्ष, म्हणजे येशूवर आपला विश्वास कसा बसला त्याची गोष्ट, लिहून काढावी. वहीचं एक पान, वाचायला तीन मिनिटं, त्याहून जास्त नको. लिहिता येत नसेल त्याने सांगावी आणि तरुण संघातल्या मुलांनी लिहून घ्यावी. आमच्याकडे आज्या-मावश्यांच्या साक्षी मुलांनी अशाच उतरवून घेतल्या, आणि नातवंडांना घरातली ही गोष्ट पहिल्यांदाच कळली.

साक्षीत उपदेश नको. काय घडलं ते सांगा, ज्या दिवसात घडलं ते दिवस सांगा. तारण, नवा जन्म, कोकऱ्याचं रक्त हे शब्द आपल्याला लहानपणापासून सवयीचे आहेत. शेजारच्या काकूंना ते परके वाटतात. ते आधी बाजूला ठेवा आणि साध्या बोलण्यात सांगून पाहा. सांगता आलं नाही तर आपल्यालाच अजून नीट उमगलेलं नाही, असं समजून पाळकांना विचारा.

नमुना म्हणून माझीच देते:

“माझे मिस्टर अचानक गेले. धाकटी तेव्हा दहावीत होती. मला देवाचा राग आला होता, चर्चमध्ये पाऊल टाकावंसं वाटत नव्हतं. तरी मंडळीतल्या दोघी-दोघी पाळीपाळीने रात्री माझ्याकडे झोपायला यायच्या. पिठलं-भाकरी बांधून आणायच्या. त्यांतल्या एक आत्याबाई निजायच्या आधी अंधारातच तेविसावं स्तोत्र म्हणायच्या. मरणाच्या दरीतून जातानाही तू माझ्याजवळ आहेस, हे मला शाळेत असल्यापासून पाठ होतं. त्या रात्री ते मला धरून ठेवायला उपयोगी पडलं. मिस्टर परत आले नाहीत, कर्जाचे हप्तेही थांबले नाहीत. पण मी प्रार्थना करते तेव्हा कुणीतरी ऐकतं, याची मला खात्री आहे. तो येशू.”

एवढंच. याच्यापुढे ऐकणारीने काही विचारलं तर बोलायचं, नाही तर चहा टाकायचा.

साक्षीत दोन गोष्टी कधी येऊ देऊ नका. एक, “येशूला मानलं आणि माझी सगळी संकटं गेली.” ते खरं नसतं, आणि ऐकणाऱ्याचं संकट तसंच राहिलं की तो आपल्यालाही खोटं ठरवतो आणि प्रभूलाही. दुसरी, आधीच्या देवधर्माची निंदा. इफिस शहरात प्रेषित पौलाच्या सोबत्यांविरुद्ध जमाव उठला तेव्हा तिथल्या नगरलेखकाने सांगितलं की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या १९व्या अध्यायात ३७वं वचन पाहा. परक्या अधिकाऱ्याने आपल्या बाजूने असं म्हणावं, असं आपलं वागणं असलं पाहिजे. मंडपात माईक हातात आला की काही तरुण वक्ते भलतंच बोलतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवायची जबाबदारी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीतल्या एका ज्येष्ठाकडे द्या, आणि त्याने ती निभवावी.

काय वाचायला द्यावं

संपूर्ण बायबल एकदम कुणाच्या हातात देऊ नये. जाड ग्रंथ, बारीक अक्षर. माणूस उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करतो आणि लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतो. बायबल सोसायटीची सुटी शुभवर्तमानं, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली पुस्तकं, मिळतात, किंमत अगदी कमी असते. मी लूकचं देते. त्यात उधळ्या मुलाची गोष्ट आहे, चांगला शोमरोनी आहे, जक्कय आहे, आणि बायकांना त्यात जागा आहे. ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याला मार्क, कारण सोळाच अध्याय आहेत आणि गोष्ट भरभर पुढे जाते. मत्तय द्यायचा असेल तर पाचव्या अध्यायात खुणेची चिठ्ठी ठेवा, म्हणजे सुरुवातीच्या वंशावळीत कुणी अडकणार नाही.

त्या पाचव्या ते सातव्या अध्यायांनी काय केलं आहे ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचं काव्यावर आणि धर्मावर बोलणं झालं, आणि त्याने उतरताना त्यांना नवा करार दिला. त्याच अध्यायांतल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी टिळक थांबले आणि तिथून पुढे त्यांचं आयुष्य बदललं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, ते ख्रिस्ती झाले. त्या प्रवाशाने आधी टिळकांच्या आवडीच्या विषयावर गप्पा मारल्या, त्यांच्या विद्वत्तेचा मान राखला आणि मग पुस्तक दिलं. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुस्तक देताना मागून घेतलं असेल तरच द्या, किंवा “वाचायला आवडेल का?” असं विचारून द्या. बसस्टँडवर, एसटीच्या खिडकीतून, दवाखान्यातल्या खाटेवर गठ्ठ्याने टाकू नका. दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, यात्रेला नाना जातिधर्मांची माणसं येतात. तिथे गर्दीत कागद कोंबण्यापेक्षा पाण्याचे जार घेऊन सावलीत बसा. थकलेली बाई टेकते, बोलते, आणि मग तीच विचारते. दिल्यानंतर आठवड्याने “वाचलं का?” म्हणून परीक्षा घेऊ नका. “कसं वाटलं?” एवढं एकदा विचारा. डोळे अधू झालेल्यांना मोबाईलवर शुभवर्तमान ऐकवता येतं. अॅप घालून द्यायला नातवंडांची मदत घ्या.

भजन आणि कीर्तन

आता माझ्या आवडीच्या विषयावर येते आणि इथे थोडी रेंगाळणार आहे, कारण आपल्या मंडळ्यांनी हातातलं सगळ्यात चांगलं साधन कोपऱ्यात टाकलं आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या नगरकडच्या मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तन रुजलं. कृष्णराव सांगळे यांचं नाव त्यात आजही आदराने घेतात. पुढे टिळकांनी अभंग लिहिले, आणि ते आपण आजही उपासनेत म्हणतो. त्याआधी कितीतरी वर्षं, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, ते ओवीत. या सगळ्यांना कळलं होतं की मराठी माणूस देवाचं ऐकायला टाळ-मृदंगापाशी बसतो. आज आपण की-बोर्ड आणि ड्रमचा आवाज चढवतो, आणि रस्त्याने जाणारा मान खाली घालून पुढे जातो. टाळाचा आवाज आला तर तो थांबतो. मी हे गावोगाव पाहिलं आहे.

भजनाचा कार्यक्रम असा ठेवावा. हंगाम बघा. पेरणी, कांदा लागवड, ऊसतोड यांत कुणाला सवड नसते. आमच्याकडे सुगी आटोपून थंडी पडली की माणसं संध्याकाळी बसतात. जागा कुणाच्या तरी अंगणात, चर्चमध्ये नको. चर्चच्या फाटकातून आत यायला नवीन माणसाला अवघड वाटतं, अंगण सगळ्यांचं असतं. सतरंज्या, पिण्याचं पाणी, एक ट्यूबलाइट. पेटी, तबला किंवा ढोलकी, टाळांच्या चार-पाच जोड्या. शेजारी टाळ वाजवणारं कुणी असेल तर त्याच्या हातात टाळ द्या. वारकरी घरातली माणसं ठेक्यात इतकी पक्की असतात की आपलंच भजन सुधारतं. सूर ठरवताना म्हणणाऱ्यांकडे बघा: बायका जास्त असतील तर काळी चार किंवा पाच, पुरुष जास्त असतील तर काळी एक. तरुण पोरं हौसेने वरच्या पट्टीत सुरू करतात आणि तिसऱ्या कडव्याला सगळे गप्प होतात.

सुरुवात टिळकांच्या एखाद्या अभंगाने करा. चाल जुनी, शब्द मराठी, देवाला आई म्हणणारी भाषा. कुणालाही परकं वाटत नाही. मधे एखादी साक्ष, तीन मिनिटांची. मग आख्यान.

आख्यान सांगायला वक्ता लागत नाही, गोष्ट सांगता येणारी बाई किंवा बुवा लागतो. पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, एक अभंग घेऊन त्यावर थोडं बोलावं आणि उत्तररंगात येशूचा एक दाखला (त्याने सांगितलेली बोधकथा) पूर्ण रंगवावा. उधळ्या मुलाचा दाखला मी कसा सांगते ते लिहिते. यातून पद्धत कळेल.

मी वाटणीपासून सुरू करते. “धाकटा बापापुढे उभा राहिला आणि म्हणाला, माझी वाटणी आत्ताच द्या.” बाप जिवंत असताना वाटणी. हे वाक्य उच्चारलं की अंगणात चुळबुळ होते, कारण तिथे बसलेल्या निम्म्या घरांत सातबाऱ्यावरून भांडणं झालेली असतात. मी तिथे थांबते, त्यांना आपापलं आठवू देते. मग जमीन विकली, पैसा घेऊन परदेशी गेला, दोस्त जमले, पैसा संपला, दुष्काळ पडला. दुष्काळावर फार बोलायची गरज नगर जिल्ह्यात नसते. डुकरं राखायची वेळ आली, त्यांच्या पुढ्यातल्या शेंगाही कुणी देईना. मग तो उठला आणि वाटभर एकच वाक्य घोकत निघाला: मला मुलगा म्हणू नका, गडी म्हणून ठेवा.

आता बाप. इथे लय बदलायची, ठेका धावता घ्यायचा. बापाने त्याला दुरून पाहिलं आणि तो पळत सुटला. मी विचारते, “आपल्या गावात सत्तरीचा पाटील गल्लीतून धोतर सावरत पळताना कुणी पाहिलाय का?” माणसं हसतात. कोणता प्रतिष्ठित म्हातारा असा चारचौघांत धावेल? पण हा धावला. लोक काय म्हणतील, याच्या आत तो पोराजवळ पोचला. पोराचं घोकलेलं वाक्य पुरं व्हायच्या आधी त्याने अंगठी मागवली, झगा मागवला. येशू म्हणतो, देव असा आहे. हे एकच वाक्य माझं निरूपण. त्याला मी आणखी काही जोडत नाही.

नंतर थोरला. तो शेतावरून आला, वाजंत्री ऐकली, कारण कळलं आणि घरात यायला तयार होईना. बाप पुन्हा बाहेर आला, आता त्याची समजूत काढायला. लूकमध्ये गोष्ट इथेच संपते. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही. मीही सांगत नाही. पेटीवर सूर धरते आणि शेवटचं भजन सुरू करते.

एका कार्यक्रमानंतर सतरंज्या गोळा करत असताना एक आजोबा काठी टेकत जवळ आले आणि म्हणाले, “बाई, थोरल्याचं काय झालं मग?” त्यांची स्वतःच्या भावाशी बोलाचाली बंद होती, हे मला नंतर कळलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, “बाबा, तुम्हाला काय वाटतं, जायला पाहिजे होतं का त्याने?” ते तिथे ओट्यावर बसले. त्या रात्री आम्ही खूप वेळ बोललो, देवाविषयी, भावाविषयी, येशूविषयी. ते पुढे ख्रिस्ती झाले नाहीत. भावाकडे मात्र गेले. मी याला सुवार्तेचं काम मानते, आणि ज्यांना हे कमी वाटतं त्यांच्याशी माझं पटत नाही.

कीर्तनात कुणाला हात वर करायला लावू नका, पुढे बोलावू नका. गावात उद्या त्याच माणसाला सगळ्यांसमोर वावरायचं असतं. ज्याला बोलायचं असेल तो थांबतो. त्याच्यासाठी दोन शांत, समजूतदार माणसं कार्यक्रम संपेपर्यंत मोकळी ठेवा. बायकांसाठी बाईच असावी.

नाताळ, आणि चर्चमध्ये आलेला पाहुणा

दिवाळीत शेजारून फराळाचं ताट येतं. नाताळात ते करंज्या, चकल्या, केक घालून परत जातंच. एवढं आपण सगळे करतो. त्यात एका छोट्या कार्डावर लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या मेंढपाळांच्या गोष्टीच्या चार ओळी आणि चर्चमधल्या कार्यक्रमाची वेळ हाताने लिहून ठेवा. छापील आमंत्रणाला कुणी भुलत नाही, हाताने लिहिलेलं लोक जपतात. ताट द्यायला मुलांना एकटं न पाठवता स्वतः जा आणि दोन मिनिटं बसा. प्रसाद घ्यावा की नाही यावर आपल्यात मतं वेगळी आहेत. ज्यांना घ्यायचा नाही त्यांनी हात जोडून, हसून नाही म्हणावं. तोंड वाकडं केलेलं माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही.

पाहुणा चर्चमध्ये आला की पुष्कळ मंडळ्या गोंधळतात. चपला कुठे काढायच्या की नाहीच काढायच्या, हे फाटकातच कुणीतरी सांगावं. त्याला पहिल्या बाकावर बसवू नये. मधल्या बाकावर, शेजारी आपलं माणूस. त्याने गीतपुस्तकाचं पान काढून द्यावं, कधी उभं राहायचं ते हळूच सांगावं. दानाची थैली फिरते तेव्हा “तुम्ही टाकायची गरज नाही, हे मंडळीचं आहे,” असं कानात सांगायलाच हवं, नाही तर पाहुण्याला वाटतं की याच्यासाठीच बोलावलं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाच्या विधीच्या, रविवारी शक्यतो नवीन माणसाला बोलावू नये, आणि आलाच तर हे काय आहे आणि कोण घेतं ते आधी सांगून ठेवावं. पाळकांनी पाहुण्याला उभं करून ओळख करून द्यायला लावू नये. उपासनेनंतर चहा ठेवा, आणि चहाच्या वेळी मंडळीतली जुनी भांडणं काढू नका. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटात त्याचा नंबर न विचारता घालू नका. रोज पहाटे वचनांचे फॉरवर्ड आले की माणूस दुसऱ्या दिवशी गट सोडतो आणि तिसऱ्या रविवारी येत नाही.

आजार आणि मदत

आजाऱ्याच्या घरी गेलात तर “तुमच्यासाठी प्रार्थना करू का?” असं विचारा. नाही म्हटलं तर मनात करा, प्रभू तीही ऐकतो. हो म्हटलं तर थोडक्यात करा, आवाज चढवू नका. बरं होण्याचं वचन देऊ नका, औषध बंद करायला कधीही सांगू नका. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात आहे; साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवून गंडेदोरे किंवा मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला, तो आपल्याच विश्वासातून. प्रार्थना आणि ऑपरेशन एकाच छताखाली चालू शकतात हे मराठी ख्रिस्ती माणसाला कुणी शिकवायला नको.

मदतीविषयी मी फार कडक आहे. १८७६ ते ७८चा दुष्काळ, नंतर १८९६ आणि १९००चे दुष्काळ, त्या काळात मिशनने माणसं जगवली. केडगावला पंडिता रमाबाईंनी उपाशी मुलींना आसरा दिला. ते काम पवित्रच होतं. पण “धान्यासाठी ख्रिस्ती झाले” हा टोमणा माझ्या आजीने आयुष्यभर ऐकला, आणि तो तिला किती लागायचा हे मी पाहिलं आहे. म्हणून ज्या दिवशी वह्या, किराणा किंवा फी द्याल, त्या दिवशी प्रचार नको, पत्रिका नको, पिशवीवर वचन छापलेलं नको. मदत कुणाला द्यायची ती यादी गरजेवर करा आणि त्यात ख्रिस्ती नसलेल्यांची नावं बरोबरीने घ्या. प्रार्थनेला आला म्हणून जास्त आणि आला नाही म्हणून कमी, असं कधी होऊ देऊ नका. हिशेबाची वही कुणीही मागितली तर दाखवता आली पाहिजे. मदत घेणाऱ्याला येशूविषयी विचारावंसं वाटलं तर तो दुसऱ्या दिवशीही विचारील.

शेजाऱ्यांच्या मुलांना शब्बाथशाळेत किंवा सुटीतल्या शिबिरात घ्यायचं तर आईवडलांची आधी, स्पष्ट परवानगी. शक्यतो लेखी. मुलांना खाऊ देऊन गोळा करून गोष्टी सांगणं बंद करा. स्वतःच्या मुलाला दुसऱ्या कुणी असं नेलं तर आपल्याला चालेल का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

कायद्याचं थोडं

संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे सांगणं आपल्याकडे आहे, ठरवणं त्याच्याकडे. धर्मांतराविषयीचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलत असतात, म्हणून कुठलाही मोठा कार्यक्रम किंवा बाप्तिस्मा ठरवताना जाणकार वकिलाचा सल्ला घ्या.

उघड्यावरच्या कार्यक्रमाला आणि मिरवणुकीला पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या, ग्रामपंचायतीला कळवा, पोचपावती फाइलला लावा. लाउडस्पीकरला वेगळी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद. नाताळच्या कॅरोलला निघणाऱ्या पोरांना हे आधीच बजावा. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी पाहुण्याला प्रवचनाला उभं करू नका. तशी त्याला परवानगी नसते आणि अडचण मंडळीवर येते. कुणी वाद घालायला आलं तर मोबाईल काढून चित्रीकरण करण्याआधी त्याला पाणी द्या, खुर्ची द्या, कागद दाखवा. आमच्याकडे सरपंचांना दर नाताळला पहिलं आमंत्रण जातं. ते येतात, दोन शब्द बोलतात. गावाला सगळं उघड दिसत असलं की अफवेला जागा राहत नाही.

कुणी बाप्तिस्मा मागितला तर

घाई करू नका. हे मी सगळ्यांत जास्त कळकळीने सांगते. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने त्यांच्यावर आणि मुलावर काय ओढवलं. त्या स्वतः १९०० मध्ये, पाच वर्षांनी, आपल्या विचाराने आल्या. त्या पाच वर्षांना मी फार मानते.

मागणाऱ्याबरोबर निदान वर्षभर लूक किंवा योहान वाचा. घरच्यांना सांगितलं आहे का, हे विचारा. लपवून केलेला बाप्तिस्मा घर मोडतो. नवरा-बायकोपैकी एकालाच हवा असेल तर दुसऱ्याला भेटा, आणि त्याचा राग निमूट ऐकून घ्या. अनुसूचित जातीतला माणूस असेल तर १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीच्या सवलती राहत नाहीत, हे त्याला स्पष्ट सांगा. शिक्षण, नोकरी, शिष्यवृत्ती यांवर काय परिणाम होईल ते मुलांसकट सगळ्या घराला बसवून सांगा. या आदेशाला मी अन्याय मानते, कारण जात पाठ सोडत नाही आणि सवलत मात्र जाते. पण तो आहे तोवर तो लपवून कुणाला पाण्यात उतरवणं ही फसवणूक आहे.

सगळं ऐकूनही तो किंवा ती म्हणाली की मला प्रभूचं व्हायचं आहे, तर मग आनंदाने करा. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिच्या माहेरच्यांना जेवायला बोलवा, आले नाहीत तरी बोलवा. आणि त्याच आठवड्यात मंडळीने दोन नावं ठरवावीत: पुढचं वर्षभर दर रविवारी तिला घरून घेऊन येणारी एक, आणि आजारपणात, बाळंतपणात, मयतीत तिच्या घरी जाणारी एक. रिक्षाचं भाडं मंडळीच्या पेटीतून द्यावं.